आवडत्या कादंबरीनंतर आलेलं माहितीचं पुस्तक घ्यावं का, कसं बघायचं

दत्तक मुलावरची एखादी कादंबरी आवडली की त्याच लेखिकेचं "आता खरी माहिती" टाइप पुस्तक आलं रे आलं की आपण डोळे झाकून घेतो आणि मग निम्म्यात कंटाळून ठेवून देतो. तर आधी आपल्या सोलापुरात नवी पेठेत दुकानात उभ्याउभ्या चाळा, नाहीतर हिराचंद नेमचंद वाचनालयात आलंय का विचारा.

प्रस्तावना सोडा, ती बहुतेक कादंबरी कशी सुचली यावरच असते. डायरेक्ट कायद्याचं पान काढा. दत्तकाचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात, कोर्ट नाही, सप्टेंबर 2022 पासून, पुस्तक त्यानंतरचं असून त्यात अजून कोर्टाच्या तारखाच चालू असतील तर ठेवून द्या. दुसरं म्हणजे 1956 चा हिंदू दत्तक कायदा आणि 2015 चा बाल न्याय कायदा यांची खिचडी केलीय का बघा. नात्यातलं मूल दत्तकपत्र करून घेणं वेगळं आणि कारा (CARA, दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) हिच्या पोर्टलवर नाव टाकून नंबर लावणं वेगळं, हे दोन पानांत नीट सांगितलेलं नसेल तर पुढं काय वाचायचं?

वयाचा हिशोब पण तपासा, तिथं हमखास घोळ असतो. नवरा 44, बायको 42, बेरीज 86 झाली, म्हणजे दोन वर्षांच्या आतलं बाळ मिळत नाही कारण तिथं मर्यादा 85 ची आहे, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90. असं उदाहरण देऊन सांगितलेलं असेल तर लेखिकेने कष्ट घेतलेत. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही, हे पण असायला पाहिजे.

मग जन्मदात्या आईचं प्रकरण शोधा. कादंबरीत तिच्यावर पन्नास पानं आणि इथं "त्या माऊलीला वंदन" म्हणून एक ओळ, असं असलं की लै राग येतो. मूल सोपवल्याची सही केल्यावर निर्णय बदलायला तिला 60 दिवस मिळतात, त्या दिवसांत काय होतं ते सांगा की ओ!

आणि पंढरपूर आहे का बघा. 1875 मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी तिथं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आपल्याच जिल्ह्यात, आणि मराठी पुस्तकात त्याचा पत्ताच नाही म्हणजे काय (महात्मा फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत मात्र सगळ्यांना आठवतो).

घेऊन बसलाच असाल तर मोठ्या झालेल्या दत्तक मुलांच्या मुलाखती तेवढ्या वाचा, असल्या तर. खरंच मूल घ्यायचं असेल त्यांनी पुस्तकावर राहू नका, जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. आणि प्रकाशकाला मेल टाकायचाच असेल तर कादंबरीचं कौतुक एका ओळीत उरकून पान नंबरसकट चुका लिहा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करायला त्यांना सोपं पडतं.