पिशवीवर 'पर्क्युला' लिहिलंय, पण मासा कोणता? क्लाउनफिश-डॅम्सेलफिशचं शास्त्रीय नाव कसं शोधावं आणि कसं वाचावं

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'पर्क्युला, 1 जोडी'. दुकानदाराने पिशवीवर मार्करने जे खरडलं होतं, तेच मी उतरवून घेतलं. दोन वर्षांनी एका फोटोत पाठीवरचे काटे मोजले तेव्हा कळलं, जोडी त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या ऑसेलारिस या दुसऱ्या क्लाउनफिशची आहे. माशांचं काही बिघडलं नाही. पण दोन वर्षं मी ज्या माशाबद्दल वाचत होतो, तो माझ्या घरात नव्हताच.

तुमच्या टाकीतल्या, अंदमानात डुबकी मारताना टिपलेल्या किंवा मालवणच्या खडकांत दिसलेल्या पट्टेदार माशाचं नाव शोधायचं असेल, तर मी आता ज्या क्रमाने जातो तो क्रम असा.

आधी शब्दांचा घोळ मिटवा

वर्तमानपत्रात 'प्रजाती' म्हणजे स्पीशीज. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात मात्र 'प्रजाती' हा शब्द जीनससाठीही सापडतो आणि स्पीशीजला 'जाती' म्हणतात. एकाच पानावर दोन्ही अर्थ आले की डोकं फिरतं. म्हणून मी सरळ तीनच शब्द धरतो: कुल (फॅमिली), वंश (जीनस), जाती (स्पीशीज). आडनाव, घर आणि माणूस असं समजा.

आणखी एक. इथे नावं देवनागरीत आहेत, पण वहीत किंवा फोटोखाली ती रोमन लिपीत लिहा. वंश आणि जाती तिरप्या अक्षरांत, वंशाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. हाताने लिहीत असाल तर खाली रेघ ओढा.

पायरी 1: फोटो आणि ठिकाण

फोटो अगदी बाजूने घ्या, पाठीवरचा पर उघडलेला असताना. काच पुसून घ्या, फ्लॅश बंद ठेवा. मासा कुठून आला तेही लिहा. हे दुसरं काम लोक टाळतात, पण ठिकाण कळलं की निम्मी नावं आपोआप गळतात.

पायरी 2: कुल ठरवा

डॅम्सेलफिशचं कुल पोमासेंट्रिडी. त्यात चारशेहून अधिक जाती आहेत. ओळखायला दोन खुणा: गुदपराच्या (पोटाखालच्या मागच्या पराच्या) सुरुवातीला दोन काटे, आणि बहुतेकांना डोक्याच्या प्रत्येक बाजूला दोनऐवजी एकच नाकपुडी. क्रोमिस आणि डॅसिलस वंशांतल्या काही जातींना दोन असतात, तेव्हा नाकपुडीवर सगळी भिस्त नको.

क्लाउनफिश या कुलाच्या बाहेरचे नाहीत. दुकानात त्यांची टाकी वेगळी, भाव वेगळा, म्हणून तसं वाटतं. एके काळी त्यांना स्वतंत्र उपकुलही दिलेलं होतं. डीएनएची तुलना झाली तेव्हा दिसलं, की ते पोमासेंट्रिनी या उपकुलाच्या आतच, इतर डॅम्सेलच्या मधोमध बसतात. क्लाउनफिश म्हणजे समुद्रफुलात, ॲनिमोनमध्ये, राहायला गेलेले डॅम्सेलच.

नावाचा शेवट नीट वाचत चला. 'इडी' आलं की कुल, 'इनी' आलं की उपकुल. सध्या चार उपकुलं मानतात: क्रोमिनी, ग्लिफिसोडोंटिनी, मायक्रोस्पॅथोडोंटिनी आणि पोमासेंट्रिनी. ती पाठ करायची गरज नाही.

कुलाच्या वर, गणाकडे (ऑर्डरकडे) जाऊ नका असं मी सांगेन. जुन्या पुस्तकांत पर्सिफॉर्मिस हा गण सापडेल, नव्या सूच्यांत त्या जागी 'ओव्हॅलेन्टेरिया, स्थान अनिश्चित' असा शेरा. या नावाचा रोख चिकट अंड्यांवर आहे. क्लाउनफिशची जोडी समुद्रफुलाशेजारच्या दगडावर अंडी चिकटवते, ती पाहिली की हे नाव लक्षात राहतं. गंमत म्हणजे या मोठ्या गटात आपला बोईट आणि तिलापियाही आहेत.

पायरी 3: जाती ठरवा

नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेल्या, दुकानात 'निमो' म्हणून मिळणाऱ्या माशाचं उदाहरण घेऊ. उमेदवार दोन. अँफिप्रिऑन ऑसेलारिसच्या पाठीवर बहुधा 11 काटे, अँफिप्रिऑन पर्क्युलाच्या बहुधा 10. 'बहुधा' महत्त्वाचं, कारण पहिल्यात कधी 10 आणि दुसऱ्यात कधी 9 निघतात. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेची काळी रेघ सहसा जाड असते, पण रंगावर माझा विश्वास कमी आहे.

आता ठिकाण लावा. ऑसेलारिस अंदमानपासून आग्नेय आशिया, फिलिपिन्स आणि वायव्य ऑस्ट्रेलियापर्यंत. पर्क्युला न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआटू आणि उत्तर क्वीन्सलंड. म्हणजे अंदमानच्या पाण्यात टिपलेला 'निमो' असेल, तर काटे मोजण्याआधीच उत्तर मिळालं.

पाळलेल्या माशांची अडचण वेगळी. आज बरेच क्लाउनफिश टाकीतच जन्मतात. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास झाली आहे. अशा माशाला मूळ ठिकाण नसतं, मग काटेच मोजायचे. आणि 'स्नोफ्लेक', 'पिकासो' ही नावं व्यापाराची. शास्त्रीय नावात त्यांना जागा नाही, मग त्यासाठी कितीही पैसे मोजलेले असोत.

दोन खुणा जुळतात, तिसरी नाही, असं झालं तर 'अँफिप्रिऑन एसपी.' लिहून थांबा. याचा अर्थ वंश कळला, जाती कळली नाही. त्यात कमीपणा नाही.

पायरी 4: कंस वाचा

मला यातली सगळ्यात आवडती पायरी ही. पूर्ण नावं बघा, शेवटी नाव देणारा शास्त्रज्ञ आणि साल:

अँफिप्रिऑन ऑसेलारिस कुविए, 1830
अँफिप्रिऑन पर्क्युला (लासेपेद, 1802)

जुळे वाटावेत असे दोन मासे, पण एकाच्या शास्त्रज्ञाला कंस आहे, दुसऱ्याच्या नाही. हा कंस लहर म्हणून येत नाही. कंस असेल, तर नाव देणाऱ्याने ती जाती मुळात दुसऱ्याच वंशात घातली होती. लासेपेदने 1802 मध्ये पर्क्युलाला लुटजानस म्हटलं होतं. लुटजानस म्हणजे आपल्या तांबोशीचा वंश! बोटभर क्लाउनफिश आणि कालवणातली तांबोशी एका घरात. पुढे तो अँफिप्रिऑनमध्ये आला, लासेपेदचं नाव राहिलं, त्याभोवती कंस पडला. कुविएने मात्र ऑसेलारिसला पहिल्यापासून अँफिप्रिऑनच म्हटलं, म्हणून त्याला कंस नाही.

घर बदललं की नावाची शेपूटही बदलू शकते. लिनियसने 1758 मध्ये एका क्लाउनफिशला पेर्का पॉलिम्ना म्हटलं. पेर्का व्याकरणाने स्त्रीलिंगी, अँफिप्रिऑन पुल्लिंगी. म्हणून आज तो अँफिप्रिऑन पॉलिम्नस (लिनियस, 1758). चांगली मुलगी, चांगला मुलगा, तसंच. जातीचं नाव विशेषण असेल तर वंशाच्या लिंगाप्रमाणे वळतं, नाम असेल तर वळत नाही. प्राण्यांच्या नावांची मोजणी 1758 पासूनच सुरू होते, त्यामुळे याहून जुनं साल कुठे दिसलं तर शंका घ्या.

साल म्हणजे नाव छापून आल्याचं साल, मासा सापडल्याचं नव्हे. याचं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण अबुडेफडफ या वंशाचं. मालवणला किंवा गोव्यात खडकांभोवती फिरणारे उभ्या काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे याच वंशातले. नाव अरबी आहे, सुरुवातीचं 'अबू' ऐकू येतं. ते टिपलं निसर्गअभ्यासक पीटर फोर्सकोलने, डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत. जुलै 1763 मध्ये तो येमेनमध्ये तापाने गेला. उरलेल्यांनी मुंबईचं जहाज पकडलं. दोघे समुद्रातच वारले, डॉक्टर मुंबईत. एकटा कार्स्टन नीबूर वाचला. तो 1764 च्या अखेरपर्यंत मुंबईत राहिला, घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं आणि चित्रं केली आणि 1767 मध्ये कोपनहेगनला पोचला. फोर्सकोलची प्राण्यांची टिपणं त्याने 1775 मध्ये छापून आणली. म्हणून नावापुढे 1775, माणूस जाऊन बारा वर्षं झाल्यावरचं साल. काही सूच्यांत फोर्सकोलऐवजी फॅब्रिशियस या दुसऱ्या शास्त्रज्ञाचं नाव दिसेल, कारण छापील मजकुराचं श्रेय त्याला द्यावं असं काही अभ्यासक मानतात. गोंधळू नका, मासा तोच.

पायरी 5: नाव आज चालतं का ते तपासा

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचा 'एशमायर्स कॅटलॉग ऑफ फिशेस' इंटरनेटवर फुकट पाहता येतो. तिथे फक्त जातीचा शब्द टाका, वंश नको. नोंदीच्या सुरुवातीला मूळ वंश दिसेल. मग मधला सगळा मजकूर सोडून थेट 'करंट स्टेटस'कडे जा. तिथे जे नाव आहे ते लिहायचं. फिशबेस या संकेतस्थळावर फोटोही मिळतात, पण निकाल मी कॅटलॉगचा धरतो.

ही पायरी का गाळायची नाही, याची दोन कारणं. दुकानांच्या याद्यांत मरून क्लाउन अजून प्रेम्नास बायॲक्युलिएटस म्हणून असतो. डोळ्याखालच्या काट्यामुळे त्याला एकट्याला स्वतंत्र वंश दिला होता. 2021 मध्ये डॅम्सेलफिशच्या वंशावळीवर मोठं काम प्रसिद्ध झालं, त्यात तो इतर क्लाउनफिशच्या आतच निघाला. आता तो अँफिप्रिऑन बायॲक्युलिएटस (ब्लॉख, 1790). कंस आधीही होताच, कारण बर्लिनच्या ब्लॉखने त्याला कीटोडॉनमध्ये, फुलपाखरी माशांत, घातलं होतं. दोनशे तीस वर्षांत तिसरं घर.

दुसरं कारण पांढऱ्यावर तीन काळे पट्टे असलेला चिमुकला हंबग. त्याला वर्षानुवर्षं सरसकट डॅसिलस ॲरुआनस म्हटलं जायचं. 2014 मध्ये हिंदी महासागरातले हंबग पॅसिफिकमधल्यांपेक्षा वेगळे असल्याचं मांडलं गेलं. नवं नाव पाडावं लागलं नाही, कारण फोर्सकोलच्या 1775 च्या त्याच पुस्तकात 'अबुडाफुर' हे नाव धूळ खात पडलं होतं. आधीचं योग्य नाव उपलब्ध असेल तर तेच वापरायचं, हा नियमच आहे. तेव्हा मालदीवमध्ये टिपलेल्या हंबगखाली ॲरुआनस लिहिण्याआधी थांबा.

पायरी 6: लिहिणं

पहिल्यांदा वंशाचं पूर्ण नाव, पुढे एका अक्षराने भागतं. फक्त या कुलात ते जपून करा. अँफिप्रिऑन, अबुडेफडफ, अकँथोक्रोमिस, अझुरिना, सगळ्यांचं रोमन आद्याक्षर एकच. एका पानावर दोन आले की वाचणारा हरवतो.

चुकीचं नाव खोडताना रबर वापरू नका. संग्रहालयांत नमुन्याची जुनी चिठ्ठीही नवीसोबत ठेवून देतात, कोण काय समजत होतं ते पुढच्याला कळावं म्हणून. माझ्या वहीत पहिल्या पानावरचं 'पर्क्युला' अजून वाचता येतं, वर एक आडवी रेघ आहे. खाली लिहिलंय: अँफिप्रिऑन ऑसेलारिस कुविए, 1830. जोडी. टाकीत जन्मलेले, मूळ ठिकाण नाही. पाठीवर काटे 11 आणि 11, फोटोवरून मोजले.