हुंझाचं खाणं नागपुरात कसं करायचं (१२० वर्षांचं सोडून द्या)

आमच्या बाबांना मोबाईलवर मेसेज आला की पाकिस्तानच्या ताब्यातल्या गिलगिट-बाल्टिस्तानमधल्या हुंझा खोऱ्यातले लोक १२० वर्षं जगतात, जर्दाळूच्या बिया खातात, त्यांना कॅन्सर होतच नाही. बाबांनी लगेच कडू बियांचं पाकीट मागवलं आणि रोज १० खायचं ठरवलं. मी ते पाकीट उचलून ठेवलं आणि मग बसून सगळं वाचून काढलं.

म्हणून आधी बियांचंच सांगते. कडू बीमध्ये अमिग्डालिन असतं, पोटात गेलं की त्याचं सायनाइड होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्येच सांगितलं की मोठ्या माणसाने छोट्या ३ पेक्षा जास्त कच्च्या बिया खाल्ल्या तरी सुरक्षित मर्यादा ओलांडू शकते, मग १० चा हिशोब तुम्हीच करा. आणि कॅन्सरवर त्याचा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. बी चावली आणि कडू लागली की थुंकायची, लहान पोरांच्या हाती तर द्यायचीच नाही.

आता वयाचं. हुंझाच्या या लोकांना बुरुशो म्हणतात, ते गिलगिट-बाल्टिस्तानच्या हुंझा, नगर, यासीन खोऱ्यात राहतात, त्यांची बुरुशास्की भाषा जगातल्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही. मॅककॅरिसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९०० नंतरच्या काळात तिथे नोकरी केली आणि त्यांच्या तब्येतीचं फार कौतुक केलं, तिथून गोष्ट वाढत गेली. पण जुन्या काळी जन्माची नोंदच नव्हती ना, मग १२० मोजले कोणी? १९५० च्या सुमारास जॉन क्लार्क नावाचा अमेरिकन तिथे राहिला, त्याला मलेरिया, जंत, डोळ्यांचे आजार सगळं दिसलं, आणि वसंतात साठा संपला की नवं पीक येईपर्यंत लोक अर्धपोटी राहायचे. ती उपासमार होती बापा, तिला डाएट म्हणणं मला तरी पटत नाही.

पण जेवण मात्र खरंच चांगलं आहे. गहू, जव, कुट्टू (बकव्हीट), डाळी, पालेभाज्या, जर्दाळू, तुती, दूध-ताक, मांस कमी आणि तेही जास्त करून हिवाळ्यात. हे आपल्याकडे आरामात जमतं.

जर्दाळूचं पाणी : इतवारीच्या बाजारात जा आणि काळपट तपकिरी, बीवाले जर्दाळू मागा. चकचकीत केशरी असतात त्यांना बहुतेक गंधकाची धुरी दिलेली असते, हुंझात नुसते छतावर उन्हात वाळवतात म्हणून काळे पडतात. ८-१० जर्दाळू धुवून २ ग्लास पाण्यात रात्री भिजवा, पण मे महिन्यात फ्रिजमध्येच ठेवा हं, माझं एकदा ओट्यावर राहिलं तर सकाळी वर फेस आणि आंबूस वास, सगळं फेकावं लागलं. सकाळी हाताने कुस्करा, बिया काढा, गाळून प्या. साखर नको. शुगर असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, कारण फळाची साखर तर आहेच त्यात.

फिट्टी : ही त्यांची जाड गव्हाची रोटी, निखाऱ्याच्या धगीत हळूहळू भाजलेली. वाचलं तेव्हा मला एकदम आपले रोडगेच आठवले! मग वेगळं काय शिकायचं, जाडसर दळलेली कणीक घ्या, कोंडा चाळू नका, मीठ आणि थोडं तेल घालून घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा. शेतावर असाल तर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजा. फ्लॅटमध्ये जाड बुडाच्या कढईत बोटभर जाड थापून, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर दोन्हीकडून १५-१५ मिनिटं. घाई केली की वरून करपते आणि आत कच्ची राहते. फोडल्यावर आतून वाफ आली पाहिजे आणि पीठ बोटाला चिकटलं नाही पाहिजे.

वरून तेल : ते जर्दाळूच्या बियांचं तेल घालतात. ते महाग पडतं आणि त्याची गरजही नाही, आपलं घाणीचं जवसाचं तेल चमचाभर घ्या, पण ते तापवायचं नाही, वरूनच सोडायचं. तेल नसेल तर जवसाची चटणी.

बाबा आता सकाळी जर्दाळूचं पाणी पितात आणि रविवारी फिट्टीसोबत पातळ वरण खातात. वरणात मेथीचा पाला घालून बघा, फिट्टी त्यात कुस्करून ५ मिनिटं मुरू द्या, मग वरून तेल सोडा.