जुनी केबिन बोट घ्यायला निघताय? आधी काटा करा

अण्णांनी बोट पहिल्यांदा पाहिली ती निफाडच्या आमच्या खळ्यात, ट्रेलरवर, ताडपत्रीखाली. एक चक्कर मारली, बुडाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "काटा केला होता का?" मी म्हटलं, अण्णा, ही बोट आहे, कांदा नाही. ते पुढे काही बोलले नाहीत. दोन महिन्यांनी मी गुपचूप ती काट्यावर नेली. हिशोबापेक्षा साडेचारशे किलो जास्त भरली. पैसे तर कधीच देऊन झाले होते.

म्हणून हे लिहितोय. जुनी बोट घेताना काय बघायचं, असं या महिन्यात दोन जणांनी फोन करून विचारलं, तिसऱ्याला सगळं परत सांगायचा कंटाळा आलाय.

आधी पाणी ठरवा, मग बोट. नाशिकच्या गंगापूर धरणावर एमटीडीसीचा बोट क्लब आहे, म्हणजे आपणही रविवारी ट्रेलर लावून बोट सोडू शकतो, असा हिशोब करू नका. धरणं जलसंपदा विभागाची आहेत. गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा यांपैकी ज्या पाण्यावर जायचं तिथली परवानगी लेखी हातात हवी, आणि ती बोट बघायला जायच्या आधी. "बघू, होऊन जाईल" हे बोट विकणारा म्हणतो, त्याला म्हणू द्या. नांदूरमध्यमेश्वरचा विचारच सोडा, ते पक्षी अभयारण्य आहे आणि पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. आणखी एक, तुमचं पाणी पाहायला मे महिन्यात जा. सप्टेंबरात काठोकाठ भरलेलं धरण बघून सगळेच हरखतात. मेमध्ये तेच पाणी दूर आत गेलेलं असतं, मध्ये चिखल आणि एरवी बुडालेले खडक. वीस फुटी बोटीचं इंजिन खाली सोडलं की तिला अडीच-तीन फूट पाणी लागतं. ते कुठून मिळणार, बोट उतरवणार कुठून, गाडी चिखलात रुतली तर ट्रॅक्टर कुणाचा, हे काठावर उभं राहून ठरवा.

माप अठरा ते एकवीस फूट. यापेक्षा लहान बोटीत केबिन म्हणजे नुसतं कपाट, आणि मोठी असली की रस्त्यावरून न्यायची पंचाईत. रुंदी टेपने मोजा. आपल्याकडे रस्त्यावर २.६ मीटरच्या वर रुंदी चालत नाही. साडेआठ फुटी बोट जेमतेम बसते, नऊ फुटी बसत नाही. विकणारा "आठ-साडेआठ असेल" म्हणाला तरी टेप काढायचाच.

आता काटा. हा भाग वाचून पुढे पळू नका.

पिंपळगावला किंवा लासलगावला काट्याच्या पावतीशिवाय कुणी ट्रॅक्टरभर कांद्याचं बोलणं पक्कं करतं का? आणि आम्ही लाखोंची वस्तू नुसती डोळ्यांनी बघून घेतली, कारण पांढरी होती आणि चकाकत होती. जुन्या फायबर बोटीच्या फरशीखाली फोम भरलेला असतो, बोट उलटली तरी तरंगावी म्हणून. नवा फोम पाणी घेत नाही. पंधरा-वीस वर्षांत मात्र कुठून तरी झिरपून झिरपून तो पाणी पितो, आणि एकदा प्यायलेलं पाणी तो सोडत नाही. वरून काहीही दिसत नाही. फरशी टणक, रंग नवा, गाद्या नव्या. कळतं ते फक्त वजनावरून.

माझाच हिशोब सांगतो. कॅटलॉगमध्ये १,३५० किलो, कोरडं वजन. काही कंपन्या यात इंजिन धरतात, काही नाही, ते आधी बघा. माझ्या बोटीचं धरलेलं होतं. टाकीत साठ लिटर पेट्रोल, लिटरला पाऊण किलो धरून पंचेचाळीस. दोन बॅटऱ्या पन्नास. नांगर, दोर, गाद्या आणि आधीच्या मालकाचं भंगार मिळून साठ. झाले १,५०५. काट्यावर ट्रेलरसकट भरली २,५२०. बोट उतरवून रिकामा ट्रेलर तोलला, ५६०. म्हणजे बोट १,९६० किलोची. वरचे ४५५ किलो कुठून आले? एक घनफूट पाणी अठ्ठावीस किलोचं असतं. गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी जवळजवळ भरून फरशीखाली ठेवली होती म्हणा ना. पुढे फरशी कापली तेव्हा फोम विटांसारखा तुकड्या-तुकड्यांनी निघाला. एक तुकडा उचलून पिळला तर तपकिरी पाणी कोपरापर्यंत ओघळलं. वास भिजलेल्या गोणपाटाचा.

कसं करायचं ते सांगतो. बोट ट्रेलरवर, पाण्याची टाकी रिकामी, पेट्रोल किती आहे त्याची नोंद, सामान बाहेर. ट्रेलर काट्यावर घ्या, गाडी सोडवून बाजूला करा, मग आकडा घ्या. पावती घ्या, तोंडी आकडा नको. रिकाम्या ट्रेलरचं वजन त्याच्या पाटीवर असतं. ते वजा करा. हिशोबापेक्षा शंभर किलो इकडे-तिकडे चालेल. दोनशेच्या वर गेलं तर फरशी उघडून दाखवायला सांगा किंवा घरी जा. पनवेल, भिवंडीकडे ट्रकांमुळे पावलोपावली काटे आहेत आणि चहापाण्याच्या पैशात काम होतं. विकणारा म्हणेल, "साहेब, बोट कोण काट्यावर नेतं?" मलाही तो हसला असता, पण मी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा. इसार देण्याआधी विचारा.

वजन झालं की बूड. नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे वाजवत जा. टणटण आलं तर ठीक, भद्द आलं तर आतलं प्लायवूड कुजलंय. सगळ्यात जास्त वेळ ट्रान्समवर घालवा, म्हणजे मागची भिंत, जिच्यावर इंजिनाचा भार असतो. इंजिन वर उचला आणि त्याच्या पायावर जोर देऊन बघा. भिंत किंचित जरी लवली तरी नमस्कार करून निघा. ते काम बोटीच्या किमतीत जातं. तळाला मागे एक बूच असतं. बोट महिनाभर जमिनीवर आहे म्हणतात ना, मग बूच काढल्यावर पाणी यायला नको. आलं आणि ते तपकिरी असलं तर परत काट्याची आठवण काढा. मी बूच काढलं होतं, पाणी आलंही होतं. मालक म्हणाला, "काल धुतली." मी मान हलवली.

बुडावर बारीक फोड असतील तर मोजत बसू नका. चार-दोन असले तर भावात धरा, पुरळासारखे सगळीकडे असले तर सोडा.

इंजिन. आपल्याकडे बोट येणार ती किनाऱ्यावरूनच, म्हणजे खाऱ्या पाण्यात राहिलेली. घरच्यांबरोबर तळ्यावर जायला पहिल्यांदाच बोट घेत असाल तर बाहेर टांगायचं आउटबोर्डच घ्या. बिघडलं तर सोडवून टेम्पोत टाकून नेता येतं, उथळ पाण्यात वर उचलता येतं, आणि कोकणात मच्छीमारांमुळे आउटबोर्डचे मिस्त्री तरी सापडतात. आत मोटर आणि मागे ड्राइव्ह असलेल्या बोटीत रबरी बेलो (घड्यांची नळी) असतो. तो फाटला की पाणी थेट आत येतं आणि बोट उभ्या उभ्या बुडते. शिवाय खाऱ्या पाण्याने एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड आतून खाल्लेला असतो, आणि बाहेरून मात्र रंग छान. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम असलं तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलंय. थंड इंजिन चालू करायला लावा. कॉम्प्रेशन (आतला दाब) प्रत्येक सिलिंडरचं तपासा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर का, ते विचारा. खालच्या गिअरचं तेल काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलं, पाणी शिरलंय. झिंकचे अॅनोड (स्वतः गंजून इंजिन वाचवणारे धातूचे तुकडे) असतील तर आणल्यावर बदला. गोड्या पाण्यात झिंक काम करेनासं होतं, मॅग्नेशियमचे लावावे लागतात.

ट्रेलर. लोक बोट तपासतात आणि ट्रेलर "सोबत आलाय" म्हणून घेतात. माझ्या ट्रेलरच्या पाटीवर एकूण २,००० किलो लिहिलं होतं आणि बोटीसकट भरत होते २,५२०. कसारा घाट चढताना, घाटनदेवीच्या अलीकडे, रात्री अकराला डाव्या चाकातून धूर. बायको मोबाइलचा टॉर्च धरून उभी, मुलं मागच्या सीटवर झोपलेली, आणि मी बिसलरीची बाटली हबवर ओततोय, तवा गार करावा तसा चर्र आवाज. बेअरिंगचा चुरा झाला होता. तेव्हा मी ग्रीसला दोष दिला. वजनाचा संशयसुद्धा आला नाही! काटा केला असता तर पनवेललाच कळलं असतं, घाटात नाही.

तर ट्रेलरचं एवढं बघा: पाटीवरची क्षमता, ब्रेक, टायरवरचं उत्पादनाचं वर्ष (नक्षी शाबूत असते आणि रबर तडकलेलं असतं), बेअरिंग, रजिस्ट्रेशन. तुमच्या गाडीची ओढायची क्षमता गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, ब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगळी आणि बिनब्रेकच्यासाठी वेगळी. मित्राने काय सांगितलं ते नव्हे, पुस्तकात काय आहे ते. निघाल्यावर वीस किलोमीटरवर थांबून हबला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तिथेच थांबा. आणि काठावर पोचल्या पोचल्या तापलेला हब पाण्यात घालू नका. गार पडताना तो पाणी आत ओढतो. अर्धा तास चहा प्या.

केबिन बायकोला आणि मुलांना बघू द्या, तुम्ही बाहेर थांबा. माझ्या बायकोने पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या: आत वारा नाही, पाय पसरता येत नाहीत, पडद्यांना बुरशीचा वास आहे. तिसऱ्या गोष्टीवर मी तिला म्हणालो, धुतले की जाईल. तो वास फरशीखालून येत होता. बुरशीचा वास आला की काय करायचं, सांगायला नको. काटा! एप्रिलच्या दुपारी बंद केबिन भट्टी होते, तेव्हा वरची झडप उघडते का ते पाहा. संडास सुटा, उचलून घरी नेऊन रिकामा करायचा तोच. गंगापूरचं पाणी नाशिक पितं. शेगडी आत नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, तळात जाऊन बसतो, आणि तिथेच बॅटरीच्या वायरी असतात. पेट्रोलच्या वाफेचंही तेच, म्हणून आत इंजिन असलं तर ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. इंजिन चालू असताना मुलांना मागच्या फळीवर बसू द्यायचं नाही. तिथे कार्बन मोनॉक्साइड जमतो आणि त्याला वास नसतो.

कागद. विक्रीचा करार, बोटीची नोंदणी, इंजिनाचा नंबर कागदावर आणि लोखंडावर एकच आहे ना, बाहेरून आलेली असेल तर कस्टमचे कागद, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत. २०२१ च्या नव्या कायद्याने अंतर्देशीय जलयानांचा १९१७ चा कायदा गेला, तेव्हा "आमची जुनीच नोंद चालते" हे ऐकून घेऊ नका. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे स्वतः विचारा. समुद्रातली नोंद आणि धरणावरचा वापर यांत काय बदलावं लागेल तेही त्याच फेरीत विचारा.

पाण्यावर चाचणी घ्या, घरचे जेवढे बसणार तेवढी माणसं बसवून. बोट मागून खाली बसली, रंगाची पाण्याची रेघ बुडाली किंवा नाक वर करून पळायला लागली, तर ते वजनच आहे. काटा, काटा.

बाकीचं भराभर. लाइफ जॅकेट, मुलांची मुलांच्या वजनाची, लहानग्याला पायांतून पट्टा असलेलं. अग्निशामक दोन. बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) आणि त्याचा फ्लोट हाताने उचलून चालतो का ते. नांगर आणि खोलीच्या पाचपट तरी दोर. विमा. पावसाळ्यात ठेवायला जागा, शेड असेल तर उत्तम, नसेल तर नाक वर, बूच काढून ठेवा, नाहीतर कोरडी आणलेली बोटसुद्धा ऑक्टोबरपर्यंत माझ्या बोटीसारखी होईल.

माझी आता नव्या फरशीसकट १,५३० भरते. पावती अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, आधी तारीख पाहिली, मग आकडा, आणि म्हणाले, "ट्रेलर वजा केलाय का यातून?"