गुफेत शिरण्याआधी

विदर्भात गुफा धुंडायची तर आधी दगड ओळखावा लागतो. बुलढाणा, अकोल्याकडे काळा बेसॉल्ट. त्यात बहुतेक कपारी आणि उथळ पोकळ्याच. चुनखडी लागते वणी, कोरपना, राजुऱ्याच्या पट्ट्यात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, चुनखडी विरघळवतं, आणि भुयार पडतं.

या छंदाला ‘केव्हिंग’ म्हणतात. अमेरिकेत ‘स्पेलंकिंग’ही रूढ आहे, पण जाणकार तो शब्द तयारीविना घुसणाऱ्यांसाठी वापरतात. पोटावर सरपटायची अरुंद जागा म्हणजे ‘स्क्वीझ’, छतापर्यंत पाण्याने भरलेला भाग ‘सम्प’, दोरावर उतरायचा सरळ कडा ‘पिच’. नवख्याने शेवटच्या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये.

सगळ्यात आधी गावातल्या गुराख्याला विचारा. कोणत्या कपारीत अस्वल बसतं, कुठे आग्या मोहोळ लटकलंय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. तोंडाशी ताजी विष्ठा, केस किंवा उग्र वास असेल तर तिथूनच परत फिरा. मोहोळाखाली अत्तर, धूर, आरडाओरडा नको. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी हवी. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुफा हे गोंड समाजाचं पूजास्थान. माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. अशा ठिकाणी तिथली रीत पाळूनच वागायचं.

आत किमान चौघं हवेत: एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो, दोघं मदत आणायला जातात. प्रत्येकाकडे तीन दिवे, त्यातला एक हेल्मेटवर, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइलचा उजेड यात धरू नका. ‘सहा वाजेपर्यंत आलो नाही तर शोध सुरू करा’ असं बाहेरच्या माणसाला सांगून ठेवा. प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहा. येताना तीच वाट निराळी दिसते, आणि माणसं चुकतात ती इथेच. दगडावर रंगाचे बाण मात्र काढू नका.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट भागात साठतो. धाप लागली, डोकं दुखू लागलं की लगेच बाहेर. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो. एन-९५ मास्क लावा, पण अशी धूळ दिसली तर न शिरणंच बरं. जून ते सप्टेंबर गुफा पूर्ण वर्ज्य, कारण दूर डोंगरावर पडलेला पाऊसही काही मिनिटांत भुयार भरून टाकतो.