जुनं सेइको ६१३९ घड्याळ घेताना या चुका टाळा

बोटीवर नोकरी केलेल्या माणसांची घरं गोव्यात गावोगाव आहेत, त्यामुळे कपाटातून सेइको ६१३९ हे जपानी मनगटी घड्याळ अजूनही निघतं. जगातल्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या स्टॉपवॉचवाल्या घड्याळांपैकी, एक असलेलं हे मशीन १९६९मध्ये आलं. स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर अंतराळवीर विल्यम पोग यांच्या मनगटावर हेच होतं, पिवळ्या डायलचं. तेव्हापासून पिवळ्याला भाव आहे आणि भाव आहे तिथे रंगारीही आहेत.

डायल रंगवून घेऊ नका. पेडण्यातल्या एका मित्राच्या वडिलांचं असंच पिवळं घड्याळ. डायलवर चार डाग, बाकी ठणठणीत. लग्नात घालायचं म्हणून त्याने घाईघाईत एका दुकानात दिलं. परत आलं ते चकचकीत होऊन. भिंगाखाली धरलं तर अक्षरं फुगलेली, छोट्या डायलची कड रंगात बुजलेली आणि वर छापलेलं ‘वॉटर ७० एम प्रूफ’. मागचा नंबर मात्र ५४ने सुरू होणारा; त्यातला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा, म्हणजे १९७५चा एप्रिल. तोवर ‘प्रूफ’ जाऊन ‘रेझिस्ट’ आलं होतं. मूळ रंग खरवडून गेला तो गेलाच. मित्राच्या आईने घड्याळ हातात घेतलं आणि ‘हे त्यांचं नव्हे’ म्हणाली.

म्हणून मी दुकानातल्या दिव्याखाली कधीच सौदा करत नाही. घड्याळ उन्हात नेतो, भिंग लावतो, आधी मागचा नंबर वाचतो आणि मग डायल. विकणारा ‘लवकर सांगा’ म्हणाला की घड्याळ परत देतो.

घड्याळ बंद दिसलं की नवखे चावी पिळत बसतात. ६१३९ला हाताने चावी देताच येत नाही. आतली रिंग असलेल्या मॉडेलात तुम्ही फक्त ती रिंग फिरवता आणि तिचं पन्नास वर्षांचं चाक झिजवता. घड्याळ आडवं धरून हलकेच झुलवा, तेवढं पुरतं.

क्रोनो, म्हणजे स्टॉपवॉच, चालू असताना काटा शून्यावर आणणारं रीसेट बटण दाबू नका.

केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाला, पॉलिश नको. कडा गेल्या की किंमत गेली.

‘७० मीटर’ वाचून पावसात घालू नका. रबर जुनं झालेलं असतं आणि आपल्या जून-जुलैच्या हवेत काचेआड वाफ धरायला वेळ लागत नाही. मी तर पावसाळाभर ही घड्याळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो.

आणि क्रोनोचा काटा अडखळतो म्हणून ‘तेलाचा थेंब सोडतो’ म्हणणाऱ्या कारागिराकडून घड्याळ तिथल्या तिथे परत घ्या. यातला क्लच, म्हणजे क्रोनोचा काटा मशीनला जोडणारा भाग, घर्षणावर चालतो. तिथे तेल गेलं की तो घसरतो आणि काटा आणखी मागे पडतो. पूर्ण सर्व्हिसिंग करा, त्याला महिना लागला तरी थांबा.