गोकर्णीचा वेल वाळला म्हणून उपटू नका
इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तरी लोक निळ्या फुलासाठी नाजूक रोपं आणून राहिले न ती पंधरा दिवसात करपून राहिली. त्यापेक्षा गोकर्णी लावा, एकदा मूळ धरलं की वर्षानुवर्षं राहते. फक्त ऊन पाहिजे, सहा-सात तास तरी थेट, सावलीत नुसता पाला वाढतो.

बी लय कडक असतं, तसंच टाकलं तर महिनाभर मातीत पडून राहते. खरबरीत फरशीवर किंवा सँडपेपरवर थोडं घासा, वरची चमक गेली पाहिजे, मग रात्रभर पाण्यात टाका. सकाळी काही बिया टम्म फुगलेल्या दिसतात, त्या लावा, ज्या तशाच कडक राहिल्या त्या परत घासा. मृग लागून जमीन ओली झाली की जिथं वेल पाहिजे तिथंच अर्धा इंच खोल लावा, कारण मूळ सरळ खाली जाते, मोठं रोप हलवलं की रुसते.

आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, त्यात मूळ सडते, म्हणून मुरूम न शेणखत मिसळून फूटभर उंच वरंबा करा. युरिया बिलकुल नको, हरभऱ्यासारख्या हिच्याही मुळावर गाठी असतात, नत्र ती स्वतःच जमवते. चढायला तुराट्या बांधून द्या, दीड-दोन महिन्यात फुलं सुरू होतात.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या उन्हाळ्यात माझा वेल पार वाळला, मेला समजून मी ओढून काढला, तर मूळ करंगळीएवढं जाड निघालं न नखानं खरवडलं तर आतून ओलं! फार जीवाला लागलं ते. तुम्ही असं करू नका, फेब्रुवारीत वेल दीड फुटावर छाटा, बुडाशी वाळलेला पालापाचोळा टाका, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा संध्याकाळी पाणी द्या. वर काही दिसलं नाही तरी पावसाळ्यापर्यंत थांबा, फूट बुडातूनच येते, आणि फुलं नव्या फांदीलाच लागतात.

शेंगा हिरव्या असतानाच तोडत राहिलं की फुलं जास्त येतात. बियासाठी चार-पाच शेंगा ठेवा, पण तपकिरी झाल्या की लगेच काढा, नाहीतर उन्हात तडकून बी उडते न सगळ्या सांदवाडीत उगवते.