जरीचं जुनं लुगडं आटवायला देण्याआधी

सातारा-सांगलीकडच्या घरातलं जुनं जरीचं लुगडं बहुतेक वेळा बोहारणीकडे जातं, जुनी जर घेणाऱ्याच्या काट्यावर चढतं, नाहीतर ट्रंकेत कुजतं. विटा, खानापूर, आटपाडी हा तर सोनं-चांदी आटवणाऱ्या गलाईवाल्यांचाच मुलूख, त्यामुळे पदर जाळून, जर आटवून चांदी काढणं इथे कुणाला नवलाचं वाटत नाही. पण काट्यावर फक्त चांदी मोजली जाते, विणकाम नाही. म्हणून लुगडं कुणाच्याही हातात देण्याआधी ते काय आहे हे आपण स्वतः पाहून घ्यावं.

आधी जर तपासा. पदराच्या आतल्या बाजूला सुटलेला एखादा धागा असतोच, तो बोटभर घ्या आणि नखाने उलगडा. खरी जर म्हणजे दोऱ्यावर गुंडाळलेली चपटी तार. ती स्प्रिंगसारखी सुटून येते. तिच्यावरचा मुलामा खरवडला की खाली पांढरी चांदी दिसली तर जर खरी, तांबूस दिसलं तर तांब्याची. इथे बरेच जण फसतात, कारण तारेच्या आतला दोराही पुष्कळदा लाल किंवा केशरी रंगवलेला असतो. तो पाहून तांबं समजू नका, रंग तारेचाच बघायचा. प्लॅस्टिकची जर ज्योतीजवळ नेली की आकसून तिची गोळी होते.

मग लुगडं उलटं करा. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, कारण मोर, मुनिया (पोपट), असावली (फुलांची वेल) यांतला प्रत्येक रंग वेगळ्या बाण्याने, म्हणजे आडव्या धाग्याने, शेजारच्या रंगात अडकवून विणलेला असतो. मागे धागे लोंबत असतील किंवा कापलेले दिसत असतील तर ते असं अडकवून विणलेलं काम नव्हे. किनारीला विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टाचण्यांची बारीक भोकं दिसली तर तो दोष समजू नका.

इरकलीत पदराचा सांधा बघा. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं हे लुगडं. अंगाचा ताणा (उभे धागे) बहुधा सुती, टोपपदराचा म्हणजे पदराचा ताणा रेशमी आणि दोन्ही फासे घालून एकमेकांत अडकवलेले, यालाच कोंडी म्हणतात. दोन वेगळ्या जातीचे धागे इथे एकमेकांना ओढत असतात, म्हणून हा सांधा उजेडासमोर धरून इंच-इंच तपासा. लांबीही मोजा. नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. कमी भरलं तर मधून कापून जोडलेलं आहे का ते पाहा.

आता जपणूक. सर्वांत जास्त नुकसान घडीवर होतं. जरीची तार एकाच जागी वर्षानुवर्षे मुडपली की तुटते आणि तिच्या कडा शेजारचं रेशीम कापतात. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नव्या जागी घाला. त्याहून चांगलं म्हणजे दोन-तीन इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून त्यावर लुगडं गुंडाळणं. मलमल आधी दोनदा धुऊन तिची खळ काढून टाका, कारण खळीवर किडे येतात. हँगरला लावू नका. जरीच्या वजनाने पदर खांद्याच्या रेषेवर फाटतो.

प्लॅस्टिकची पिशवी आणि वर्तमानपत्र दोन्ही नकोत. पिशवीत दमट हवा कोंडते, कागदाची शाई कापडाला लागते. डांबराच्या गोळ्या किंवा अत्तर जरीला लागू देऊ नका. सुका कडुलिंब किंवा वाळा पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, कापडावर नाही. वाई-पाटणच्या पावसात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं असावं. दसऱ्यानंतर कोरड्या दिवशी लुगडी सावलीत दोन-तीन तास मोकळी ठेवा. ऊन नको, त्याने रेशमाचा रंग उडतो.

हळदी-कुंकवाचे डाग सांगलीसारख्या हळदीच्या गावात ठरलेलेच. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी चोळतो. साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो, कापड बिघडलेलं नसतं. गार पाण्याने साबण पूर्ण निघाला की लाली ओसरते. उरलेला पिवळा डाग उजेडाने फिकट होतो, पण रंगीत रेशमावर हा उपाय करू नका, डागाबरोबर रेशमाचाही रंग जाईल. पांढऱ्या सुती भागावर करायचा तर बाकी कापड झाकून घ्या. रंग पक्का आहे का हे कळायला ओलं पांढरं फडकं लपलेल्या जागी दोन मिनिटं दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर घरी पाणी लावूच नका. जरीची पैठणी तर कधीच घरी धुऊ नये, ती ड्रायक्लीनिंगलाच द्यावी.

२००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा भिजलेल्या लुगड्यांचं काय करायचं, हा प्रश्न अनेकांपुढे होता. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, म्हणून लुगडं टोकाला धरून उचलू नका. खाली चादर सरकवून चादरीसकट उचला. चिखल वाळू देऊ नका. एरवी पाणी नको, पण हे भिजलेलंच आहे, म्हणून तिरप्या फळीवर पसरून वरून स्वच्छ गार पाणी हळूहळू ओता, पिळू नका. रंगीत पदर आणि पांढरं अंग यांच्या मध्ये जाड सुती कापड घाला, आणि ते ओलं होईल तसं बदलत राहा. पंखा लावून सावलीतच वाळवा. दोन दिवसांत वाळलं नाही तर बुरशी धरते.

फाटलेल्या जागी घट्ट रफू करू नका. ताठ दोऱ्याभोवती जुनं रेशीम पुन्हा फाटतं. मागून धुतलेलं मऊ सुती कापड लावून बारीक रेशमी धाग्याने सैल, लांब टाके घाला. फॉलही धुतलेला सुतीच लावा.

जुनी लुगडी जमवायची असतील तर साताऱ्याच्या खण आळीतल्या जुन्या दुकानदारांशी आणि बोहारणींशी ओळख ठेवा, लुगडी आटवायला जाण्याआधी त्यांना गाठा. घेताना लुगडं कुणाच्या लग्नातलं, साधारण कोणत्या साली घेतलेलं, कुठून आणलेलं हे विचारा आणि सुती फितीवर पेन्सिलीने लिहून ती सैल टाक्याने अडकवा. शाई पसरते.

विकताना सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा: पूर्ण पदर, काठ जवळून, उलटी बाजू आणि प्रत्येक भोक, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. लांबी, रुंदी, वजन लिहा, आणि दोष सगळ्यांत आधी. लपवलेलं भोक गिऱ्हाईक घडी उघडताच बघतं, माल परत येतो, आणि त्या येण्याजाण्यात लुगडं आणखी फाटतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. अशा वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. म्हणून वय आधी ठरवा, भाव नंतर.

आटवायला द्यावंच लागेल असंही लुगडं असतं: अंगाचा भुगा झालेलं, हात लावताच तुटणारं. तेव्हाही पदर आणि काठाचा हातभर तुकडा शाबूत असेल तर तो आधी कापून मलमलीत ठेवा आणि उरलेलं तुमच्यासमोर वजन करून द्या.